लोहाऱ्याच्या रस्त्यावरची शिवजयंती

यवतमाळहून दारव्ह्याच्या रस्त्याला लागले की पाचेक किलोमीटरवर लोहारा येते. गाव कुठे सुरू झाले हे आता कळत नाही. शहराची घरे, दुकाने, मंगल कार्यालये इथपर्यंत येऊन भिडली आहेत. बाहेरच्या माणसाला लोहारा म्हणजे एमआयडीसीचा पत्ता: डेनिम कापडाचा मोठा कारखाना, ट्रकांची रांग, पाळी सुटल्यावर सायकली आणि मोटारसायकलींची गर्दी. या भागातून मूर्तिजापूरकडे जाणारी ‘शकुंतला’ ही छोटी रेल्वे आता बंद आहे. तिची शिट्टी ऐकून घड्याळ लावणारी पिढी अजून आहे, शिट्टी मात्र राहिली नाही.

लोहाऱ्याचे नाव कारखान्यांपेक्षा फार जुने आहे. अकबर बादशहाच्या दरबारातील अबुल फजल यांनी ‘आईन-ए-अकबरी’ लिहिली, तेव्हा वऱ्हाड सुभ्यातील परगण्यांच्या यादीत ‘योत लोहारा’ अशी नोंद केली. यातले योत म्हणजे येवता, आजचे यवतमाळ, आणि लोहारा म्हणजे हेच गाव. पुढे जिल्ह्याचे ठिकाण मोठे झाले आणि जोडीतले दुसरे नाव मागे पडले. यवतमाळ या नावाच्या शेवटी असलेला ‘माळ’ हा ‘महाल’ या शब्दाचा बदललेला उच्चार आहे, असे इंग्रजांच्या काळातले गॅझेटियर सांगते. महाल म्हणजे महसुलाचा विभाग. अरबीतून फारसीत, फारसीतून कचेरीत आणि कचेरीतून शेतकऱ्याच्या तोंडी आलेला हा शब्द आज अस्सल वऱ्हाडी होऊन बसला आहे. तो कुणाचा, असे कुणी विचारत नाही.

शब्दांच्या बाबतीत जे इतके सहज झाले, ते आठवणींच्या बाबतीत का होत नाही, हा प्रश्न मला लोहाऱ्याच्या रस्त्यावर शिवजयंतीच्या संध्याकाळी पडला.

खालाच्या खिडकीतून

भाचीच्या मंगनीच्या निमित्ताने मी खालाकडे उतरले होते. घर रस्त्यालगत. १९ फेब्रुवारीची सकाळ छान गेली. शाळेत जाणाऱ्या मुलींनी नऊवारी नेसून जिजाऊंचा वेश केला होता, मुलांच्या डोक्याला भगवे फेटे होते. खालाचा नातू दुसरीत आहे. त्यालाही फेटा बांधून हवा होता. त्याच्या अम्मीने शेजारच्या ताईंना हाक मारली, ताईंनी दोन मिनिटांत फेटा बांधून दिला आणि कपाळावर टिळा लावायच्या आधी विचारले, “भाभी, लावू का नको?” भाभी म्हणाल्या, “ताई, टिळा राहू द्या, फेटा मात्र घट्ट बांधा, पोरगं लई उड्या मारते.” दोघी हसल्या. विचारणेही सहज, नाही म्हणणेही सहज. असे शेजार अजून आहेत, हे आधी नोंदवून ठेवते.

संध्याकाळी मिरवणूक आली. आधी लेझीम खेळणाऱ्या मुली, मग घोड्यावर बसलेला छोटा शिवाजी, मग पालखी. मोहल्ल्यातल्या पोरांनी रस्त्याच्या कडेला टेबल मांडून पाण्याच्या बाटल्या ठेवल्या होत्या. पालखीच्या मागून डीजेची पहिली गाडी आली तेव्हा खालाच्या कपाटातली कपबशी वाजू लागली. खालाला हृदयाचा त्रास आहे. आम्ही तिला आतल्या खोलीत नेले, दार लावले, तरी भिंतीतून तो ठोका छातीपर्यंत येतच होता.

इशाची अज़ान सुरू झाली आणि पहिल्या मंडळाच्या पोरांनी आपणहून आवाज बंद केला. एकाने हात वर करून मागच्यांना थांबवले. अज़ान संपली, गाडी पुढे गेली. पाठोपाठ दुसरी गाडी आली. तिने आवाज बंद केला नाही. उलट तिथेच थांबली आणि एक गाणे लागले. त्यातले शब्द या मासिकात छापता येणार नाहीत. त्यात शिवाजी महाराजांचे नाव एकदा होते आणि आपल्याला धमकी चारदा. गाण्यात ना किल्ला, ना रयत, ना राज्याभिषेक. नातवाने फेटा काढून माझ्या मांडीवर ठेवला आणि विचारले, “खाला-नानी, हे आपल्याला म्हणतायत का?”

एकाच रस्त्यावर, एकाच तासात, एकाच राजाच्या नावाने हे दोन्ही घडले. पहिल्या मंडळाला विसरून दुसऱ्याबद्दलच बोलणे हा अन्याय होईल, आणि पहिल्याकडे बोट दाखवून दुसऱ्यावर पांघरूण घालणे हा मुलाशी खोटेपणा होईल.

वाद्यांची वंशावळ

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीच्या टोकाला एका चाचांशी बोलणे झाले. त्यांच्या घरात तीन पिढ्या बँड पार्टी होती. लग्न, वरात, जयंती, उरूस, गणपती, सगळीकडे ते वाजवायचे. आता ताशा खुंटीला टांगलेला आहे. म्हणाले, “आमच्या बँडले वीस माणसं लागत. डीजेले एक गाडी अन् एक पोरगा. मंग आमाले कोन बोलावते?” मग थोडे थांबून म्हणाले, “आमी जयंतीत वाजवत होतो तवा मशिदीपुढं आमीच हात आवरत होतो. कोनाले सांगा नाही लागे.”

हे शेवटचे वाक्य मी बरोबर घेऊन आले. वाजवणारा माणूस होता तोवर हात थांबवता येत होता. आज आवाज पेन ड्राइव्हमध्ये भरून येतो. तो बनवणारा दुसऱ्याच शहरात बसलेला असतो. त्याला लोहाऱ्यात मशीद कुठे, शाळा कुठे, खालाचे घर कुठे, काहीच ठाऊक नसते.

मिरवणुकीतल्या वाद्यांची नावे पाहा. ताशा हा फारसीतल्या ‘तास’ म्हणजे वाडग्यावरून आलेला. नगारा हा अरबी ‘नक्कारा’. सनई ही फारसी ‘शहनाई’ची मराठी लेक. पोवाडा गाणाऱ्याच्या हातातला डफ अरबी आहे. आपल्याकडे निकाहाच्या वेळी दफ वाजवण्याची परवानगी हदीसमध्ये आहे, तोच हा दफ. आणि पोवाडा गाणारा तो शाहीर, म्हणजे अरबी ‘शाइर’. याच मिरवणुकीत हलगी, संबळ आणि तुतारी ही इथल्या मातीतली वाद्येही होती. शेकडो वर्षे ती एकत्र वाजली.

इतिहास सोयीपुरता सांगू नये, म्हणून हेही सांगते. शिवाजी महाराजांनी कारभारातले फारसी-अरबी शब्द बाजूला सारून संस्कृत शब्द यावेत म्हणून ‘राज्यव्यवहारकोश’ तयार करवून घेतला. आपल्या राज्याची आपली भाषा असावी ही राजाची इच्छा समजण्यासारखी आहे. कोश करावा लागला यावरून असे किती शब्द रोजच्या वापरात होते तेही कळते. आणि कोश झाल्यानंतरही किल्ला किल्लाच राहिला, शाहीर शाहीरच राहिला.

शाहिरांमध्ये आपली माणसे होती. पेशवाईच्या अखेरच्या काळातले प्रसिद्ध शाहीर सगनभाऊ हे शिकलगार मुसलमान. होनाजी बाळाच्या बरोबरीने त्यांचे नाव घेतले जाते. विसाव्या शतकात बार्शीचे मेहबूब पटेल ‘शाहीर अमर शेख’ झाले. अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक गाजवले, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांच्या आवाजाने मैदाने भरली. मुंबईसह महाराष्ट्र मिळाला त्यात एका शेखाच्या गळ्याचाही वाटा आहे, हे आपल्या मुलांना पाठ असायला हवे. घरात विचारून पाहा, किती जणांना हे नाव माहीत आहे.

उत्सव कसा घडला

आज आपण पाहतो तो उत्सव शिवाजी महाराजांच्या काळापासून चालत आलेला नाही. त्याला घडवणारी माणसे आणि वर्षे माहीत आहेत.

१८६९ साली महात्मा जोतीराव फुले यांनी शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहून प्रसिद्ध केला. त्यांचा शिवाजी हा कुळवाडीभूषण, कष्टकरी शेतकऱ्यांचा राजा. पुढे रायगडावरील समाधीच्या दुरवस्थेची चर्चा झाली, १८९५ साली लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून तो विषय हाती घेतला आणि १८९६ साली रायगडावर उत्सव झाला. १८९७ च्या जूनमध्ये पुण्यातल्या उत्सवात अफझलखानाच्या वधावर भाषणे झाली. काही दिवसांतच रँडचा खून झाला आणि टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. म्हणजे जन्मापासूनच या उत्सवात इतिहास आणि चालू राजकारण एकत्र होते.

पण टिळकांचीच दुसरी बाजू आपण विसरतो. १९०६ साली कलकत्त्यात शिवाजी उत्सव झाला, त्या सुमारास त्यांनी ‘मराठा’ पत्रात स्पष्ट लिहिले की हा उत्सव मुसलमानांना दुखावण्यासाठी नाही, आणि उद्याचा शिवाजी मुसलमानांतूनही निपजू शकेल. उत्सव एकच, पण तो कोणत्या सुरात करायचा याचे दोन पर्याय तेव्हापासून समोर आहेत.

जयंती कोणत्या दिवशी, यावरही मतभेद आहेत. पूर्वी वैशाख शुद्ध द्वितीया मानली जाई. जेधे शकावली प्रसिद्ध झाल्यानंतर शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, ही तिथी पुढे आली. १९६६ साली शासनाने इतिहासकारांची समिती नेमली आणि अखेर २००१ साली १९ फेब्रुवारी ही तारीख सरकारी झाली. काही पक्ष आणि संघटना आजही तिथीने जयंती करतात. म्हणून आपल्याकडे बऱ्याच गावांत मिरवणूक दोनदा निघते: एकदा फेब्रुवारीत, एकदा बहुधा मार्चमध्ये. सध्याच्या वर्षांत रमजानही फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, त्यामुळे इफ्तार, तरावीह आणि मिरवणूक एका संध्याकाळी येण्याची शक्यता असते. दोन्हीकडच्या शहाण्या माणसांनी आधी बसून वेळा ठरवल्या तर काही बिघडत नाही. नाही बसले तर काय होते, तेही आपण पाहिले. १७ मार्च २०२५, तिथीप्रमाणे शिवजयंतीचा दिवस, रमजानचा महिना. औरंगजेबाच्या कबरीविरोधातील आंदोलनानंतर नागपूरच्या महाल भागात दंगल उसळली, संचारबंदी लागली, एकाचा जीव गेला. यवतमाळच्या नावात दडलेला ‘महाल’ आणि तो महाल, शब्द एकच.

वऱ्हाडापुरते बोलायचे तर शिवाजी महाराजांचा इथला प्रत्यक्ष संबंध थोडा आहे. १६७० साली मराठा फौजेने कारंजा ही श्रीमंत बाजारपेठ लुटली. लोहाऱ्याचा रस्ता दारव्ह्यावरून पुढे त्याच कारंज्याकडे जातो. तो मोगल सत्तेविरुद्धचा युद्धाचा भाग होता. लुटले गेलेले सावकार आणि व्यापारी कोणत्या धर्माचे, हा हिशेब त्या काळी कुणी ठेवला नाही. आज या रस्त्यावर जी आठवण वाजते ती कारंज्यातून आलेली नाही. ती शाळेच्या पुस्तकातून, कॅसेटमधून, सिनेमातून आणि आता मोबाईलमधून आली आहे. म्हणून ती बदलताही येते, चांगल्या दिशेने आणि वाईटही.

मशिदीपुढचे वाद्य

मिरवणूक मशिदीपुढून वाजवत न्यावी की नाही, हा वाद शंभरावर वर्षांचा आहे. १८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत दंगल झाली. त्याआधी मोहरमच्या ताबुतांपुढे हिंदू बांधव मोठ्या संख्येने नाचत-गात. दंगलीनंतर त्यांनी ताबुतांत जाऊ नये असा प्रचार झाला, आणि ताबुतांपुढच्या टोळ्यांच्या जागी सार्वजनिक गणेशोत्सवात मेळे उभे राहिले, असे अभ्यासकांनी नोंदवले आहे. १९२३ साली आपल्या नागपुरात मशिदीपुढून वाद्ये वाजवत जाणाऱ्या दिंड्यांवर प्रशासनाने बंदी घातली आणि तिच्याविरुद्ध दिंडी सत्याग्रह झाला.

या वादाचा कायदा कुठे ठरला, हे वाचून नवल वाटेल. १९२४ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे एक खटला निकाली निघाला. तो हिंदू-मुसलमानांचा नव्हता. उत्तर प्रदेशातल्या औरंगाबाद नावाच्या गावात शियांची मोहरमची मिरवणूक सुन्नी मशिदीजवळ थांबून मातम करी, त्याला सुन्नींची हरकत होती. न्यायालयाने म्हटले की सार्वजनिक रस्त्यावरून आपल्या रीतींसह धार्मिक मिरवणूक नेण्याचा हक्क सर्वांना आहे. वाहतूक आणि शांततेसाठी अधिकारी जे आदेश देतील ते मात्र पाळले पाहिजेत. पुढे इतरांच्या मिरवणुकींच्या वादांतही याच निकालाचा दाखला दिला जाऊ लागला. हक्क मिळवतानाही आपण होतो आणि अडवतानाही आपणच होतो, हे ध्यानात ठेवलेले बरे.

स्वातंत्र्यानंतरची मोठी जखम भिवंडीची. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीची मिरवणूक निघाली, घोषणा झाल्या, दगड आले आणि भिवंडी पेटली. आग जळगाव आणि महाडपर्यंत गेली. तेव्हा मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, आपल्याच यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातील गहुलीचे. त्यांच्या सरकारने न्यायमूर्ती डी. पी. मादन यांचा चौकशी आयोग नेमला. मिरवणूक, तिचा मार्ग, घोषणा, आधीची तयारी, अफवा आणि पोलिसांची वागणूक यांचा बारीक तपास आयोगाने केला. दंगल अचानक होत नाही, ती आधी महिनोन्‌महिने शिजत असते, हा त्या अहवालाचा धडा.

त्याच भिवंडीने दुसरा धडाही दिला. १९८४ साली पुन्हा दंगल झाल्यावर, १९८८ पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या उभारल्या. एकाच भागातले हिंदू, मुसलमान आणि पोलीस नियमित भेटू लागले. नळाचे भांडण, गटाराची तक्रार, पोरांची छेडछाड, सगळे तिथेच बोलले जाऊ लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारी मुंबई जळत होती, तेव्हा भिवंडी शांत राहिली. ओळखीचा माणूस समोर असला की दगड उचलणे अवघड जाते, एवढी साधी ही युक्ती.

आणि मिरज. मिरजेच्या शिकलगार कारागिरांनी हत्यारे घडवणाऱ्या हातांनी तंबोरे आणि सतारी घडवल्या. आज देशभरच्या मैफलींत मिरजेचा तंबोरा वाजतो. त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. उस्ताद अब्दुल करीम खाँ तिथल्याच मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या परिसरात विसावले आहेत आणि उरुसात गवई तिथे हजेरी लावतात. अशा सुरेल गावात २००९ च्या गणेशोत्सवात अफझलखान वधाचे चित्र असलेल्या कमानीवरून दंगल झाली. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. तंबोऱ्याचे गाव आठवडाभर सायरन ऐकत बसले.

अफझलखानाचे काय करायचे?

नातवाच्या प्रश्नाचे मूळ इथेच आहे. वधाचे चित्र पाहिले की आपल्या मुलाला वाटते, मरणारा आपला आणि मारणारा परका. ही गाठ सोडवायचे काम घरातच करावे लागेल.

१० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली भेट झाली ती आदिलशाहीचा सरदार आणि स्वराज्याचा राजा यांची. खानाचा वकील होता कृष्णाजी भास्कर, एक ब्राह्मण. महाराजांच्या सोबतच्या अंगरक्षकांत सिद्दी इब्राहीमचे नाव येते. शत्रू मेल्यावर प्रतापगडाच्या पायथ्याला त्याची कबर झाली. महाराजांच्या आरमारात दौलतखान होता, पायदळात नूरखान बेग होता. सिद्दी हिलाल त्यांच्या बाजूने लढला. महाराजांचे आजोबा मालोजीराजे यांनी नगरच्या शाह शरीफ यांच्यावरील श्रद्धेने मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली. पीर आणि मशिदींची दिवाबत्ती महाराजांनी चालू ठेवली, असे सभासद बखर सांगते. कुराणशरीफ हाती आले तर ते आदराने आपल्या मुसलमान सेवकांना देण्याचा त्यांचा नियम होता, हे खाफीखान लिहितो, आणि खाफीखान त्यांचा मित्र नव्हता, टीकाकार होता. कॉ. गोविंद पानसरे यांनी १९८८ साली ‘शिवाजी कोण होता?’ या छोट्या पुस्तकात ही बाजू सोप्या मराठीत मांडली. ते पुस्तक घरात असावे.

मात्र एक जपायला हवे. महाराजांच्या पदरी मुसलमान किती होते याची यादी आपण रोज घोकत बसलो, तर आपण स्वतःसाठी दाखला मागतो आहोत असे होते. या देशात आपले असणे दौलतखानाच्या नोकरीवर अवलंबून नाही. राजा थोर होता म्हणून त्याचा आदर करायचा, आणि तो राजा होता, त्याने लढाया केल्या, तह केले, काही शत्रू मारले, काही मित्र जोडले, हेही समजून घ्यायचे. अफझलखान आपल्या दीनचा प्रतिनिधी नव्हता, विजापूरचा पगारी सरदार होता. त्याचे मरण आपल्या मुलाने आपले अपयश का मानावे? आणि दुसऱ्या बाजूच्या मुलाने तो शेजाऱ्याचा पराभव का समजावा?

आपल्या घरातला आवाज

आता आपल्याकडेही पाहू. ईद-ए-मिलादच्या जुलूसमध्ये गेल्या काही वर्षांत डीजे आला, लेझर आला. तोच ठोका, फक्त गाणे वेगळे. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सुनावणीत म्हटले की गणेशोत्सवात मर्यादेबाहेरचा आवाज हानिकारक असेल तर ईदच्या मिरवणुकीतही तो हानिकारकच आहे. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने हेही सांगितले की ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद, वर्षातले शासनाने ठरवलेले मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत. डेसिबलचे गणित आपल्या साध्या बेरजेसारखे नसते. १० डेसिबल वाढले की आवाजाची शक्ती दहापट होते. कामगारांच्या आरोग्याचे तज्ज्ञ सांगतात की ८५ डेसिबलमध्ये दिवसाला आठ तास चालतील, १०० डेसिबलमध्ये जेमतेम पंधरा मिनिटे. डीजेच्या गाडीपुढे दोन तास नाचणाऱ्या पोराच्या कानातल्या बारीक पेशी मरतात त्या पुन्हा उगवत नाहीत. कान हिंदू नसतो, मुसलमान नसतो. खालाचे हृदयही नसते.

संगीताबद्दल आपल्या उलेमांमध्ये मतभेद आहेत, तो विषय त्यांचा. आवाजाबद्दल मात्र शिकवण स्पष्ट आहे. सूरह लुकमानमध्ये बाप मुलाला आवाज मवाळ ठेवायला सांगतो. मशिदीत मोठ्याने कुराण पठण करणाऱ्यांनाही एकमेकांना त्रास देऊ नका असे हुजूर (स.) यांनी सांगितल्याची हदीस आहे. कुराणाच्या पठणाला जी मर्यादा, ती डीजेला का नको? दुसऱ्यांच्या श्रद्धास्थानांना शिवीगाळ करू नये हा हुकूमही आपल्याच किताबात आहे. स्वतःचा आवाज आधी कमी केला तर दुसऱ्याला सांगताना आपला शब्द जड होतो.

पुढची जयंती येण्याआधी

लोहाऱ्यातून निघताना खालाच्या मुलाने सांगितले की त्या पहिल्या मंडळातला, हात वर करून गाडी थांबवणारा मुलगा, त्याच्याच कारखान्यात त्याच्याच पाळीत काम करतो. दोघे डबा एकत्र खातात. माझ्या मते सगळी किल्ली तिथे आहे. त्या मुलाला आपण साधे धन्यवाद तरी दिले का? त्याला आपल्या घरी चहाला बोलावले का? दुसऱ्या मंडळात असा डबा वाटून खाणारा कुणी नसेल, म्हणून ती गाडी थांबली नाही.

आपल्या हातात असलेली कामे मोठी नाहीत. जयंतीच्या महिनाभर आधी शांतता समितीची बैठक होते, तिथे मोहल्ल्यातून फक्त नेहमीचे चार पुढारी न जाता एखादी शिक्षिका, एखादा कारखान्यातला कामगार, एखादा वाजवणारा गेला पाहिजे. रमजान जवळ असेल तर तरावीहची वेळ लेखी देऊन मिरवणुकीची वेळ लेखी घ्यावी. आक्षेपार्ह गाणे लागले तर तिथे भांडू नये. तारीख, वेळ आणि गाडीचा क्रमांक टिपून ठाण्यात तक्रार द्यावी, सोबत दोन हिंदू शेजारी असतील तर उत्तम. मोबाईलवर आलेला व्हिडिओ पुढे ढकलू नये. आणि शक्य असेल तर जयंतीच्या सकाळच्या कार्यक्रमात, शाळेत किंवा चौकात, पोवाडा ठेवायला सांगावे, खर्चाला हातभार लावावा. डफावर पोवाडा गाणारा माणूस समोर उभा असतो, त्याला श्रोत्यांचे चेहरे दिसतात.

खुंटीवरचा तो ताशा पुन्हा उतरेल का, मला माहीत नाही. चाचांचे हात आता थरथरतात. पण नातवाला मी शब्द दिला आहे की पुढच्या वर्षी फेटा काढायचा नाही. कुणी विचारले तर म्हणायचे, हा राजा माझ्याही गावाच्या इतिहासात आहे, मी त्याच्याविषयी वाचले आहे, तुम्ही वाचले आहे का?